न चेपलेले कप्पे

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज घण दिवसभर पडत राहिला आणि प्रत्येक वेळी तोच आलेख उमटला. घण म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले उंच यंत्र. त्यात वजन वर नेऊन सोडतात. खाली पोलादी खुबा, त्यावर मांसाच्या जागी रबराचा थर, आणि त्यावर माझा पॅड. म्हातारी माणसे कुशीवर पडली की खुब्याचे हाड मोडते. पॅडने तो मार स्वतः खायचा आणि हाडापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. हे ‘एवढेच’ साधण्यात माझी चार वर्षे गेली.

फोम म्हणजे काय, असे विचारले की लोक ‘स्पंज’ म्हणून मोकळे होतात. ते ऐकून माझ्या कपाळाला आठी पडते. फोम म्हणजे प्लास्टिकच्या पातळ भिंती आणि त्यांत कोंडलेली हवा. लक्षावधी बंद कप्पे. प्लास्टिक कोणते यापेक्षा कप्पे कसे, यावरच पुष्कळसे ठरते. मार बसला की आधी भिंती तग धरतात. बळ एका मर्यादेला पोहोचले की त्या वाकून कोलमडतात आणि एकेक थर खाली बसत जातो. तो बसत असतो तोवर हाडाकडे जाणारे बळ वाढत नाही. अखेर भिंतीला भिंत टेकते, आणि मग फोम आणि फरशी यांत भेद उरत नाही. ती वेळ येण्याआधी पडणाऱ्याचा वेग संपला पाहिजे. सगळी विद्या या एका वाक्यात आहे.

गेल्या वर्षीच्या नमुन्यात कप्पे लहानमोठे होते. काही मोहरीएवढे, काही खसखशीएवढे. मोठे आधी बसत, मग मधले, मग लहान. आलेख जिन्यावरून पातेले गडगडत यावे तसा दिसे. जड वजनाखाली तर तो पार तळापर्यंत चेपला. असला गचाळपणा माझ्या नावावर खपवून घेणे शक्य नव्हते. तो सबंध प्रकार मी रद्द केला. आताचे कप्पे एकसारखे आहेत, भिंती जाड आहेत, आणि सर्व कप्पे एकाच बळाला, एका हुकमाने कोलमडतात.

चाचणीला मी मुद्दाम भरल्या अंगाच्या माणसाचे वजन घेतले. सर्वांत वाईट मार झेलला की बाकीचे आपोआप आलेच. काटकुळ्या माणसासाठी वेगळी चाचणी करणे म्हणजे हत्ती पेललेल्या पुलावरून शेळी जाईल का, ते तपासणे.

विक्रीप्रमुख येऊन आलेख पाहून गेले. त्यांना मी मनातल्या मनात साखरपेरे म्हणते. “बाई, काय रेघ आहे! फ्रेम करून लावावी,” म्हणाले. त्यांना त्या रेघेतले ओ की ठो कळत नाही. तरी ऐकायला वाईट वाटले नाही, हेही येथे नोंदवते.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

पहिली जोडी आईला दिली. आई दादा-वहिनीकडे असते. माझ्या घरी तिला करमत नाही, कारण तेथे बोलायला कोणी नसते, असे ती म्हणते. मी असते, ही गोष्ट ती धरत नाही.

पॅड इलॅस्टिकच्या पट्ट्यात बसतात, दोन्ही खुब्यांवर एकेक. बसताना मांडीला टोचू नये म्हणून खालच्या कडेला मी एक खाच ठेवली आहे. आईने अंगठ्याने दाबून पाहिले.

“अगं, ही तर फळी आहे.”

“मऊ उशी असते, आई. याचं काम वेगळं आहे.”

“माझ्या अंगावर मांस आहे कुठे? हाडालाच लागतो.”

“सवय होईल.”

“होईल, होईल,” आई लगेच म्हणाली. “तू केलायस म्हटल्यावर होईलच.”

वहिनी भाजी निवडता निवडता ऐकत होती. ती शाळेत गणित शिकवते आणि घरातही पोरांना फळ्यापाशी उभे केल्याच्या सुरात बोलते. “वन्सं, हा घालून मार लागत नाही ना? मग मलाही एक जोडी द्या. तुमच्याशी बोलताना उपयोगी पडेल.”

दादा फिस्सकन हसला. आईही हसली. मी पट्टा कसा बांधावा ते दाखवले, आणि दररोज सकाळी आईला तो बांधून देण्याची जबाबदारी वहिनीने घ्यावी, असे स्पष्ट सांगितले. वहिनी म्हणाली, “बरं, मॅडम.” तिच्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्नच आहे. गणित शिकवणाऱ्या माणसाने फोडणी अंदाजाने घालावी, यातच सगळे आले.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

वृद्धाश्रमांसाठीचे पहिले पॅड साच्यातून निघू लागले. प्रत्येक तुकड्याची कड मी स्वतः पाहते. आज जे बाजूला काढले त्यांत दोष काय, असे साचाघरातल्या मंडळींनी विचारले. कडेला एक कप्पा फुटलेला होता. दिसत नाही म्हणाले. दिसत नाही म्हणूनच मी आहे, असे मी उत्तर दिले.


मंगळवार, २१ ऑक्टोबर

आई पडली.

बाथरूमच्या दाराशी, उजव्या कुशीवर. दादाचा फोन आला तेव्हा मी घणापाशी होते आणि यंत्राच्या आवाजात मला ‘आई’ एवढेच ऐकू आले. हाड मोडले आहे. उद्या शस्त्रक्रिया.

काय लिहावे ते सुचत नाही. असे मला होत नाही.


बुधवार, २२ ऑक्टोबर

शस्त्रक्रिया झाली. हाडांच्या डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवला. मोडलेल्या जागी सळई बसवली आहे. डॉक्टर तरुण आहेत, पण वाक्ये पूर्ण करतात, म्हणून विश्वास बसला. “हाडं ठिसूळ आहेत आणि अंगावर काही नाही. अशांना साधं पडणंही महागात पडतं,” असे ते म्हणाले.

आई शुद्धीवर आली तेव्हा मी पलंगापाशी होते. मी विचारले, “आई, पॅड घातला होतास?”

“दुखतंय का ते तरी आधी विचारा,” वहिनी म्हणाली.

“ते डॉक्टर विचारतील. मला हे कळणं महत्त्वाचं आहे.”

“घातला होता. सकाळी माझ्या हातांनी पट्टा बांधलाय.”

आईने डोळे उघडले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मान हलवली.

“नाही गं. मी काढून ठेवला होता.”

“आई, अहो…” वहिनी पुढे झाली.

“उकडत होतं. काढला मी. तू स्वयंपाकघरात होतीस, तुला काय माहीत?” एवढे बोलून आईला धाप लागली. मग माझा हात धरून म्हणाली, “तुझ्या पॅडचा काही दोष नाही. कळलं ना? जा आता, काहीतरी खाऊन घे.”

एवढ्या वेदनेतही तिने पॅडच्या दोषाविषयी मी विचारण्याआधीच खुलासा केला. आईची बुद्धी अजून लख्ख आहे.

वहिनीला मी व्हरांड्यात गाठले. तिला म्हटले, एक साधे काम तुम्हाला सांगितले होते. झाले नाही तर नाही म्हणावे, पण आजारी बाईच्या उशाशी उभे राहून खोटे बोलू नये. वहिनीने उत्तर दिले नाही. ती उत्तर देत नाही, हे तेरा वर्षांत प्रथमच घडले. हा कबुलीजबाबच समजायला हरकत नाही.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

एकीचा शब्द खरा की दुसरीचा, एवढ्यावर मी निष्कर्ष काढत नाही. रुग्णालयातून घरी पाठवलेल्या पिशवीत आईचे कपडे होते, आणि टॉवेलात गुंडाळलेले दोन्ही पॅड. मागाहून वहिनीनेच ते पिशवीत टाकले असणार. मी उजवा पॅड प्रयोगशाळेत नेला, धारदार पात्याने कापला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

माझ्या फोमला एक गुण आहे: तो मार विसरत नाही. एकदा कोलमडलेली भिंत पुन्हा उभी राहिली तरी तिच्यावर सुरकुती उरते. खरोखर पडलेल्या माणसाचा पॅड ओळखायला मला निमिषही लागणार नाही.

एकही सुरकुती नाही. वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत प्रत्येक कप्पा जसाच्या तसा, ताठ, टवटवीत. या पॅडवर कोणी पडलेलेच नाही.

दादाला फोन करून सांगितले. “अगं, म्हणजे हिच्यापेक्षा तो फोम खरा?” त्याने विचारले. मी म्हटले, फोमला खोटे बोलता येत नाही. “तेही खरंच,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

या पुराव्याचे सौंदर्य मला कोणाला तरी दाखवावेसे वाटत होते. कोणी नव्हते.


सोमवार, २७ ऑक्टोबर

पॅड बाहेर पाठवण्याच्या मंजुरीवर सही केली. साखरपेरे दाराशीच थांबले होते.

“बाई, आईंचं ऐकलं. फार वाईट वाटलं. पण… पॅड?”

“घातला नव्हता.”

“हुश्श!” असे म्हणून त्यांनी चक्क कपाळ पुसले. “नाही म्हणजे, घातला असता तर वाचल्या असत्या, असं म्हणायचंय मला.”

मला त्यांचा संताप आला. त्यानंतर ध्यानात आले, की शुक्रवारी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलल्यावर माझ्या तोंडून जवळपास तसाच आवाज निघाला होता. हा विचार मी येथेच थांबवते. सुटकेचा नि:श्वास आणि नफ्याचा नि:श्वास एकच नव्हेत.

माल दुपारी गेला.


गुरुवार, ३० ऑक्टोबर

आजचे क्रमाने लिहिते.

मी असले की वहिनी हल्ली रुग्णालयात थांबत नाही. मी आले की ती उठते. त्यामुळे आज नर्सबाई आईचे अंग पुसायला आल्या तेव्हा कूस धरायला मीच होते. आजवर हे वहिनीने केले. मी पडद्याबाहेर उभी राहत असे. मला ते जमत नाही.

“इकडे वळवा जरा. हं, धरा,” नर्सबाई म्हणाल्या आणि चादर बाजूला केली.

पट्टीच्या मागे, कुल्ल्याकडे, सगळे काळेनिळे होते, कडा पिवळ्या पडू लागलेल्या. ते मी अपेक्षिले होते. पण त्या काळ्यानिळ्याला आकार होता. वरून गोलाई, पुढे निमुळती होत आलेली, रेघेसारखी स्वच्छ. आणि खालच्या कडेला मधोमध एक खाच.

ती खाच मी काढली आहे. बसताना टोचू नये म्हणून. तिची गोलाई मी आठवडाभर बदलत होते. जगात दुसऱ्या कोणत्याही वस्तूला ती नाही.

“ही खूण आल्यापासून आहे,” नर्सबाई सहज म्हणाल्या. “आम्हालाही नवल वाटलं. कशावर पडल्या होत्या आजी?”

मी आईची कूस धरून तशीच उभी राहिले. नर्सबाईंनी दोनदा ‘सोडा आता’ म्हटल्यावर सोडली.

त्या गेल्यावर मी विचारले, “आई, घातला होतास ना?”

“तुला कोण म्हणालं? ती म्हणाली?”

“तुझं अंग म्हणालं.”

आईने तोंड खिडकीकडे वळवले. मग हळूच म्हणाली, “तू त्या दिवशी विचारलंस ना, तेव्हा तुझा चेहरा… लहानपणी एकदा तुझा दुसरा नंबर आला होता, तसा झाला होता. म्हटलं, माझं मोडलंय ते मोडलंय. तुझं कशाला मोडायचं?”

“आणि वहिनी?”

“तिला मी सांगितलं, तू गप्प बस. रडली बिचारी. पण बसली.”

“आई, ते पॅड आणखी कितीतरी जणींना गेलेत.”

“म्हणजे?” आईने मान वळवली. “माझ्यासारख्यांना?”

तिच्या हे ध्यानातच आले नव्हते. तिला वाटले, प्रश्न एका म्हातारीचा आणि तिच्या मुलीचा आहे. तिने हात वर उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. “अगं बाई,” ती म्हणाली. “अगं बाई, हे काय करून बसले मी.”

मी केले, असे मला म्हणायचे होते. मी तिचा हात खाली घेऊन चादरीवर ठेवला.

पॅड अंगावर होता. मार त्याच्यावरच बसला. आणि त्यातला एकही कप्पा कोलमडला नाही.


शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

घणावरचे वजन उतरवत उतरवत आईच्या वजनापाशी आणले. रबराचा जाड थर काढून पातळ ठेवला. मग पॅडशिवाय एकदा घण सोडला, आणि पॅड ठेवून एकदा.

दोन आलेख एकमेकांवर ठेवले. पहिल्यांदा मला वाटले, चुकून एकाच चाचणीचा कागद दोनदा निघाला आहे.

पॅड कापून पाहिला. कप्पे ताठ. टवटवीत.

चूक इतकी सरळ आहे की शाळेतल्या पोराला समजावता येईल. भिंती कोलमडायला एक ठरावीक बळ लागते. भरल्या अंगाचा माणूस पडला की ते बळ भरते, कप्पे बसतात, मार गिळला जातो. आईसारखी हलकी बाई पडली की बळ तेवढे भरतच नाही. कप्प्यांना काही झाल्याचे कळतही नाही. ते ताठ उभे राहतात आणि आलेला सगळा मार जसाच्या तसा खाली पोहोचवतात. आणि खाली असते ते हाड त्या बळाच्या कितीतरी आधीच मोडणारे. मी मोजली ती फोमची सहनशक्ती. हाडाची मोजली नाही. जास्त झेलतो तो कमीही झेलेल, असे मी मानले; पूल आणि फोम यांत भेद न करण्याची चूक पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याचा पेपर परत फेकला असता.

कपाटात गेल्या वर्षीच्या लहानमोठ्या कप्प्यांच्या फोमचा एक तुकडा उरला होता. तोही घणाखाली ठेवला. हलक्या वजनाला त्याचे मोठे कप्पे लगेच बसले; हाडाकडे जाणारे बळ निम्म्याने उतरले. आलेख तसाच, गडगडत्या पातेल्यासारखा. जड माणसाला तो अपुरा आहे, हे खरेच. तेही पुरे उत्तर नव्हे. पण मोडणारी हाडे बहुतेक हलक्याच माणसांची असतात. आणि त्यांच्यासाठी मी फळी केली. आईने पहिल्याच दिवशी हाच शब्द वापरला होता आणि मी तिला उशीचा धडा दिला.

प्रयोगशाळेत सगळे माझ्याकडे पाहत होते. मी खुर्चीत बसले होते, असे नंतर लक्षात आले. मी प्रयोगशाळेत कधी बसत नाही.


शनिवार, १ नोव्हेंबर

मालकांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “पण बाई, चाचणीत तर…” असे तीनदा म्हणाले. सर्व पॅड परत बोलवायचे ठरले.

साखरपेरे हळहळले. “थोडं थांबता आलं असतं. नवा तयार झाला की बदलून देऊ. तोवर नसण्यापेक्षा असलेला बरा, नाही का? मनाला आधार.”

“हाडाला नाही,” मी म्हटले. “आश्रमांत मी स्वतः जाणार.”

“तुम्ही? तुम्ही लोकांशी बोलणार?” त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी धास्ती दिसली.

तेथून दादाकडे गेले. वहिनी वह्या तपासत होती. मी उभ्यानेच सांगितले, की २२ तारखेच्या चर्चेतील माझे विधान निराधार होते, उपलब्ध पुराव्याचा मी चुकीचा अर्थ लावला, आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे.

वहिनीने लाल पेन खाली ठेवले. “वन्सं, माफी मागताय की निकाल वाचताय?”

“माफी मागते आहे.”

“मग चर्चा-बिर्चा नका म्हणू. तुम्ही मला खोटारडी म्हणालात. व्हरांड्यात. चार लोक ऐकत होते.”

“हो. म्हटलं.”

“आई म्हणाल्या गप्प बस, मी बसले. त्यांना तुमची काळजी. ह्यांना तुमची भीती. मला तुमचा राग.” तिने पुढची वही उघडली. “अजून आहे. एवढ्यात जाणार नाही.”

“किती दिवस लागतील?”

“बघा, ह्यालाही आलेख हवाय बाईंना!” असे म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिने मला बसा म्हटले नाही. चहा मात्र केला. मी तो उभ्यानेच प्यायले आणि कप विसळून ठेवला.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

पहिला आश्रम. एक लांब व्हरांडा, दोन्हीकडे दारे, मध्ये खुर्च्या. मला वाटले होते पॅड बहुधा कपाटांत पडून असतील. लोक सांगितलेले ऐकत नाहीत, हा माझा अनुभव. येथे सर्वांनी घातले होते.

परत घेणे सोपे गेले. काहींनी विचारले, काहींनी नुसता पट्टा सोडून दिला. एक आजोबा म्हणाले, “घ्या बाई. खुर्चीत बसलो की मला सिंहासनावर बसल्यासारखं वाटायचं, तेवढंच सुख गेलं.”

शेवटी व्हरांड्याच्या टोकाकडून एक आजी चालत येताना दिसल्या. आईपेक्षाही बारीक. एक हात भिंतीच्या जवळ, पण भिंतीला न लावलेला. “आमची फेरीवाली,” कोणीतरी म्हणाले. “आधी खोलीच्या दारापर्यंत यायची नाही. आता दिवसभर फेऱ्या. आम्हालाच दमायला होतं.”

मी त्यांना थांबवून सांगितले, की हा पॅड काढून द्यावा लागेल.

“का म्हणून?”

“तो तुमच्यासाठी बरोबर नाही, आजी.”

“कोण म्हणतं?”

“मी. मीच बनवला आहे.”

“तुम्ही नाही बनवला,” आजी ठामपणे म्हणाल्या. “ज्यांनी बनवला त्या बाई फार मोठ्या विद्वान आहेत. ते गोड बोलणारे साहेब सांगून गेलेत. त्यांच्या स्वतःच्या आईने एकच दिवस हा घातला नाही, आणि नेमकं त्याच दिवशी हाड मोडलं. तेव्हापासून मी झोपतानाही काढत नाही.”

‘घातला नव्हता.’ हे दोनच शब्द मी दाराशी उच्चारले होते, आणि ते माझ्याआधी येथे येऊन पोहोचले होते. या व्हरांड्यातल्या प्रत्येकीने ते खरे मानून पट्टा आवळला होता.

“ती माझी आई,” मी म्हटले. “तिने घातला होता.”

“घातला होता?”

“हो.”

“आणि तरी मोडलं?”

“हो.”

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. “मग साहेब खोटं बोलले?”

“नाही. त्यांना मीच तसं सांगितलं. मला तेच खरं वाटलं होतं.”

त्यांनी पट्टा सोडायला हात नेला. गाठ सुटेना. मी पुढे झाले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतःच सोडली. पॅड माझ्या हातात देताना त्यांनी विचारले, “मग इतके दिवस मी चालले ते कशाच्या जिवावर?”

मी पॅड खोक्यात ठेवला.

त्या जवळच्या खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे एकदम, पाय उचलले जाऊन, जणू आताच कोणी धक्का दिला. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

मी पॅडची खोकी गाडीत नेऊन ठेवली. काम संपले होते. गाडीचे दार उघडे ठेवून बराच वेळ तेथेच उभी राहिले, मग पुन्हा आत गेले. आजी होत्या तशाच बसलेल्या. हात तसेच. व्हरांड्याचे टोक त्यांच्यासमोर मोकळे पडले होते आणि त्या तिकडे पाहत नव्हत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन थांबले. काय करायला आले होते ते मला ठाऊक नव्हते.

“आता काय राहिलं?” त्यांनी विचारले.

“काही नाही.”

“मग उभ्या का?” त्यांनी शेजारची खुर्ची कोपराने पुढे सरकवली. “बसा. पडाल.”